एक लिटर तेल, दीडशे ग्रॅम सोडा : साबणाच्या पहिल्या घाण्याची हकिकत

माझं माहेर कुडाळजवळ. परसात माड आहेत, खोबरं सुकवून घाणीवर तेल काढून आणतात आणि वर्षाची बेगमी होऊनही थोडं तेल उरतं. त्या तेलाचा घरापुरता अंघोळीचा साबण करायचा, असं यंदा वहिनींनी मनावर घेतलं. अट एकच होती. लागेल ते सगळं आपल्या बाजारातून आणायचं, बाहेरून काही मागवायचं नाही. कृती त्यांनी फोनवरच्या एका व्हिडिओतून वहीत उतरवून घेतली होती: एक लिटर तेल, 150 ग्रॅम सोडा, अर्धा लिटर पाणी, दाट होईपर्यंत ढवळा, साच्यात ओता. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून वही माझ्याकडे आली. "ताई, एवढंच बघून द्या, बरोबर आहे ना?"

त्या एका ओळीत तीन प्रश्न दडलेले होते. तेल कुठलं? सोडा कुठला? आणि लिटर कशाला, किलो का नाही? घरचा साबण बिघडतो तो सहसा ढवळताना बिघडत नाही. तो बाजारात आणि तराजूवरच बिघडलेला असतो, पातेल्यात फक्त उघडकीला येतो. म्हणून या घाण्याची हकिकत मी बाजारापासूनच सांगते.

वहीतल्या ओळीचा हिशोब

साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांची रासायनिक क्रिया. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनला तीन स्निग्धाम्लं जोडलेली असतात. कॉस्टिक ती सोडवतं, प्रत्येकाचा साबण करतं आणि ग्लिसरीन मोकळं होतं. एक ग्रॅम तेलाला किती कॉस्टिक लागेल हे तेलावर ठरतं. खोबरेलातली स्निग्धाम्लं आखूड, बरीचशी बारा कार्बनची. शेंगदाणा तेलातली बहुतेक अठरा कार्बनची. रेणू लहान असले की तेवढ्याच वजनात ते जास्त मावतात आणि कॉस्टिकही जास्त लागतं. एक ग्रॅम खोबरेलाला साधारण 0.183 ग्रॅम, शेंगदाणा तेलाला 0.137.

आता वहीतली कृती या आकड्यांवर तपासू. एक लिटर खाद्यतेलाचं वजन एक किलो नसतं, साधारण 920 ग्रॅम असतं. ते सगळं खोबरेल असेल तर त्याला 168 ग्रॅम कॉस्टिक लागेल. वहीत 150 आहे, म्हणजे जवळपास 11 टक्के तेल तसंच उरेल. साबण थोडा तेलकट होईल, पण अंगाला लावता येईल. तेच एक लिटर शेंगदाणा तेल असेल तर त्याला 126 ग्रॅमच पुरतात. मग 24 ग्रॅम कॉस्टिक मोकळं राहील आणि ते कातडी जाळेल. ओळ तीच, माप तेच. एका घरात त्याचा बरा साबण होईल आणि दुसऱ्या घरात लहान मुलाच्या अंगावर चट्टे उठतील. असले व्हिडिओ बघून साबण करणाऱ्या प्रत्येक बाईपर्यंत हा हिशोब पोचावा असं मला फार वाटतं.

बाजार

नुसत्या खोबरेलाचा साबण टणक होतो, भरपूर फेसतो, पण कातडी कोरडी पाडतो. म्हणून इतर तेलं जोडीला घ्यायची ठरली. कोकमतेल घरात होतंच. तळपायाच्या भेगांना लावायला त्याचे गोळे आपल्याकडे घरोघरी असतात. त्यात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून जास्त असल्यामुळे वडी घट्ट होते आणि पाण्यात लवकर विरत नाही. शेंगदाणा तेल घाणीवरचं घेतलं. एरंडेल थोडंसं, कारण त्याने फेस टिकतो.

दुकानात एक गोष्ट मी वहिनींना आवर्जून दाखवली. केसांच्या तेलाच्या काही बाटल्यांवर मोठ्या अक्षरात खोबरं आणि मागे बारीक अक्षरात मिनरल ऑइल असतं. मिनरल ऑइल हे खनिज तेल. त्यात स्निग्धाम्लंच नसतात, त्यामुळे त्याचा साबण होत नाही आणि कितीही ढवळलं तरी ते तसंच राहतं. घरचं खोबरेल कमी पडलं तर खाद्यतेल म्हणून विकलं जाणारं खोबरेलच घ्यावं. करडई आणि सूर्यफुलाचं तेल मी मुद्दाम टाळलं. साध्या जातीच्या या तेलांत लिनोलिक आम्ल भरपूर असतं, ते हवेने लवकर खवट होतं आणि कोकणातल्या दमट हवेत वडीवर नारिंगी डाग पडतात. तळणीचं उरलेलं तेलही याच कारणाने नको म्हटलं, वहिनींना ते वाया घालवणं जिवावर आलं तरी.

मग सोडा. किराणा दुकानात "सोडा द्या" म्हटलं की खाण्याचा सोडा मिळतो, थोडं समजावून सांगितलं तर धुण्याचा सोडा मिळतो. दोन्हींचा इथे उपयोग नाही. लागतं ते कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. ते हार्डवेअरच्या किंवा रसायनांच्या दुकानात पांढऱ्या पापडीच्या रूपात मिळतं. तुंबलेली मोरी साफ करायची म्हणून घेतलेल्या तयार पुड्यांत कधी कधी इतर पदार्थ मिसळलेले असतात, त्या घेऊ नयेत. आम्हाला मिळालं ते मोठ्या पोत्यातून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिलेलं. पिशवीच्या तळाशी पापड्या एकमेकींना चिकटून ओलसर गठ्ठा झाला होता. हे मला खटकलं. कॉस्टिक हवेतला ओलावा ओढतं, कार्बन डायऑक्साइड ओढतं आणि त्याचं हळूहळू कार्बोनेट होत जातं. तराजूवर 100 ग्रॅम भरलं तरी त्यात काम करणारं कॉस्टिक किती, हे पिशवी सांगत नाही.

पिशवीत खरं काय आहे

इथे मला माझ्या प्रयोगशाळेचा फायदा झाला. अकरावीच्या मुलांकडून आम्ही जे टायट्रेशन करून घेतो, म्हणजे ठरावीक आम्ल फिटायला किती अल्कली लागते ते मोजतो, तेच या पापडीवर केलं. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक 6.3 ग्रॅम मोजून पाण्यात विरघळवले आणि द्रावण एक लिटर केलं. दुसरीकडे पिशवीतली पापडी 4 ग्रॅम, तिचंही एक लिटर द्रावण केलं, ही आमची अल्कली. पापडी शंभर टक्के शुद्ध असती तर 10 मिलिलिटर आम्लाला बरोबर 10 मिलिलिटर अल्कली लागली असती. चंचुपात्रात आम्ल आणि अल्कलीत गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब घातले, ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या नळीतून, अल्कली थेंब थेंब सोडली. फिकट गुलाबी रंग टिकला तो 10.6 वर. म्हणजे पापडीत काम करणारं कॉस्टिक होतं साधारण 94.3 टक्के.

हा फरक क्षुल्लक वाटेल, पण साबणात तो तसा नाही. आमच्या हिशोबात 5 टक्के तेल मुद्दाम मोकळं ठेवायचं होतं, कातडीला मऊपणा यावा म्हणून आणि मोजण्यात थोडं इकडेतिकडे झालं तर वाचावं म्हणून. पापडी शुद्ध धरून चाललो असतो तर मोकळं तेल दहा टक्क्यांच्या वर गेलं असतं. वडी मऊ पडली असती आणि पावसाळ्यात तिला खवट वास सुटला असता. ज्यांच्याजवळ प्रयोगशाळा नाही त्यांनी सुटं कॉस्टिक न घेता शुद्धतेचा आकडा छापलेली सीलबंद बाटली घ्यावी, ती उघडल्यावर लगेच वापरावी आणि झाकण घट्ट लावून ठेवावं. चार पैसे जास्त जातील, पण पहिल्या घाण्याला तेवढी खात्री हवी.

शेवटी ठरलेलं प्रमाण असं. खोबरेल 400 ग्रॅम, शेंगदाणा तेल 350, कोकमतेल 150, एरंडेल 100, एकूण एक किलो. चारही तेलांचं मिळून कॉस्टिक येतं 154.2 ग्रॅम. त्यातून 5 टक्के वजा केले की 146.5. आमची पापडी 94.3 टक्क्यांची, म्हणून प्रत्यक्षात मोजायचे 155 ग्रॅम. पाणी त्याच्या दुप्पट, 310 ग्रॅम. व्हिडिओतल्या अर्ध्या लिटर पाण्याने काम होतं, पण वडी आकसत, वाकडी होत महिनोन्महिने सुकत बसते. पाणी घेतलं ते बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, कुठल्याही गॅरेजवर मिळतं. विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर थोडा साबण पातेल्यातच साका होऊन बसतो.

सगळं वजनाने मोजलं, तेलसुद्धा. वहिनींच्या काट्यावर एक ग्रॅमपर्यंत कळत होतं, तेवढं पुरलं. मापाने घेतलं असतं तर काय झालं असतं तेही मी त्यांना मांडून दाखवलं. किलोऐवजी लिटर तेल आणि हिशोबातलं पूर्ण कॉस्टिक, म्हणजे राखून ठेवलेली 5 टक्क्यांची सगळी सूट संपून वर साडेचार ग्रॅम कॉस्टिक मोकळं राहिलं असतं.

प्रत्यक्ष घाणा

वहिनींनी जर्मनचं मोठं पातेलं घासूनपुसून तयार ठेवलं होतं. ते बाजूला ठेवायला लावलं. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं, हायड्रोजन वायू सुटतो आणि पातेल्याला भोकंही पडतात. स्टीलचं पातेलं घेतलं, कॉस्टिकसाठी जाड प्लास्टिकचा मग. ही भांडी आता स्वयंपाकघरात परत नेणार नाही, असं आधीच बोलून घेतलं.

काम मागच्या पडवीत, उघड्यावर. हातमोजे, डोळ्यांना बंद चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. मुलांना शेजारी पाठवलं. पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, कारण वरून पाणी पडलं की ते एकदम उकळून अंगावर उडतं. पाण्यात टाकतानाही उष्णता इतकी निघते की प्लास्टिकचा मग हातात धरवत नाही आणि वाफ घशाला झोंबते. अंगावर शिंतोडा उडालाच तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचं. व्हिनेगर किंवा लिंबू कातडीवर चोळायचं नाही.

तेलं एकत्र कोमट केली, कोकमतेल पूर्ण वितळेपर्यंत. ते साधारण चाळीस अंशांच्या आसपास वितळतं. तेलं त्याहून थंड झाली तर कोकमतेल पुन्हा थिजायला लागतं, मिश्रण दाटल्यासारखं दिसतं आणि साबण जमला असं वाटून माणूस फसतो. म्हणून तेल आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही 40 ते 45 अंशांवर आणून मग एकत्र केली.

हळद हा वहिनींचा हट्ट होता. अर्धा चमचा हळद त्यांनी तेलातच कालवली होती, पिवळाधमक साबण होईल म्हणून. कॉस्टिकचं पाणी पडलं आणि पातेलं विटकरी लाल झालं. आई दारात बसली होती, ती उठून आली. "ह्यो लाल रंग खयसून इलो?" मला खरं तर हा क्षण मुलांना वर्गात दाखवावासा वाटतो. हळदीत चुना कालवला की तिचं कुंकू होतं, तेच इथे झालं. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. साबण सुकत गेला, अल्कलीचा जोर उतरला, तसा तो लालपणा ओसरून वड्या तांबूस-पिवळ्या झाल्या. पिवळ्या काही झाल्या नाहीत. आईला मात्र आधीचा रंगच आवडला होता.

ढवळायला हँड ब्लेंडर घेतला, दांडा स्टीलचा आहे याची खात्री करून. रवीनेही होतं, पण बराच वेळ हात चालवावा लागतो. ब्लेंडर सलग न फिरवता थोडा फिरवायचा, थोडं नुसतं ढवळायचं. मिश्रण दाट होत होत पातळ पिठल्याइतकं आलं आणि डावातून सोडलेली धार वरच रेघ होऊन राहिली, तेव्हा थांबलो. हाच तो टप्पा, साबणवाले याला ट्रेस म्हणतात. यानंतर तेल आणि पाणी वेगळं होत नाही.

सुगंधासाठी वहिनींनी बाजारातून चंदनाच्या वासाची बाटली आणली होती. त्यात काय आहे हे त्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. सगळ्या पातेल्यात घालण्याआधी मी दोन डाव मिश्रण वाटीत काढून त्यात चार थेंब टाकले. वाटीतलं मिश्रण बघता बघता इतकं घट्ट झालं की चमचा उभा राहिला. अशा बाटल्यांत अल्कोहोल किंवा दुसरं काही असतं आणि त्याने मिश्रण जागेवर थिजतं. सगळ्या पातेल्यात ते घातलं असतं तर साच्यात ओतताच आलं नसतं. त्याऐवजी गवती चहाचं शुद्ध तेल 15 ग्रॅम घातलं.

साचा म्हणजे बटर पेपर लावलेलं लाकडी खोकं. ओतून वर फळी ठेवली. मे महिन्यातली कोकणातली हवा, पांघरूण घालायची गरजच नव्हती. मधला भाग काही वेळाने गडद, पारदर्शक दिसायला लागला आणि हाताला गरम लागला. क्रिया जोरात चालल्याची ती खूण. दुसऱ्या दिवशी सुरीने कापून साधारण शंभर शंभर ग्रॅमच्या चौदा वड्या पडल्या. काहींच्या पाठीवर पांढरी भुकटी होती. ते सोड्याचं कार्बोनेट, पुसून निघतं.

वड्यांना फुटलेला पाझर

वड्या माळ्यावर बांबूच्या सुपात कागद घालून उभ्या ठेवल्या, एकमेकींना न लावता. चार ते सहा आठवडे सुकू द्यायच्या. जून लागला, पहिला पाऊस झाला आणि वहिनींचा फोन आला. वड्यांवर थेंब थेंब पाणी आलंय, कॉस्टिक बाहेर पडतंय, सगळं फेकून देऊ का?

या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे, कारण इथे घाबरून पुष्कळजण चांगला साबण फेकतात आणि काहीजण न घाबरता वाईट साबण वापरतात. असे थेंब दोन कारणांनी येतात. हिशोब चुकून कॉस्टिक जास्त झालेलं असेल तर ते पाझरतं. किंवा साबणात जे ग्लिसरीन तयार होतं ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. आमच्या एक किलो तेलातून सुमारे 110 ग्रॅम ग्लिसरीन निघालेलं होतं. कारखान्यात ते बहुधा वेगळं काढून विकतात, घरच्या साबणात ते जागेवरच राहतं.

हे ओळखायचं कसं? पुष्कळजण पीएच कागद लावतात. त्यावर 7 म्हणजे उदासीन, त्याच्या वर अल्कधर्मी. तो 9 ते 10 दाखवतो आणि लोक घाबरतात. पण पाण्यात चांगला साबणही तेवढा अल्कधर्मी असतोच, कारण पाण्यात साबणाचं थोडं विघटन होऊन अल्कली सुटते. मोकळं कॉस्टिक बघायचं तर पाणी टाळायला हवं. मी कॉलेजातलं शुद्ध अल्कोहोल घेतलं, त्यात फिनॉल्फ्थॅलिन घालून ते आधी उदासीन करून घेतलं. तीन वेगवेगळ्या वड्यांचा किस त्यात टाकला आणि परीक्षानळी गरम पाण्यात धरून विरघळवला. ज्योतीवर नाही, अल्कोहोल पेट घेतं. मोकळं कॉस्टिक असतं तर द्रावण गुलाबी झालं असतं. तिन्ही नळ्यांत रंग आला नाही. ओला साबण बोटावर घेऊन जिभेच्या टोकाला लावायची जुनी रीत आहे, कॉस्टिक मोकळं असेल तर झणका बसतो. वहिनींनी तीही करून पाहिली, आधी थुंकायला पाणी जवळ घेऊन. झणका नाही.

म्हणजे हे ग्लिसरीनचं दव होतं. वड्या कापडाने टिपल्या, माळ्यावरून काढून चुलीच्या खोलीत जिथे हवा कोरडी राहते तिथे नेल्या, आणि सुकायला दोन आठवडे जास्त दिले. शंभर ग्रॅमची वडी नव्वदच्या आसपास येऊन स्थिरावली.

वापरल्यावर

साबण फेसतो छान, गवती चहाचा वास अंगावर रेंगाळतो. भाऊ आणि मुलं खूश आहेत. आईचं मात्र अंग कोरडं पडलं. सत्तरीनंतर कातडीतलं तेल कमी झालेलं असतं, तिथे 40 टक्के खोबरेल जास्त होतं. तिच्यासाठी वेगळा घाणा करायला हवा.

घरी आलेल्या पाहुण्यांनी वड्या मागितल्या आणि जत्रेत विकायला ठेवू का, असं वहिनींनी विचारलं. साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत येतो. 1940 च्या कायद्यात साबण वगळलेला होता, 1982 च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. आता 2020 च्या नियमांप्रमाणे विक्रीसाठी साबण करायचा तर परवाना घ्यावा लागतो आणि आपल्या राज्यात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. मला हा नियम योग्य वाटतो. ओलसर पापडीची ती पिशवी ज्यांनी कुठलीही तपासणी न करता नेली असेल, त्यांच्या वड्या कुणाच्या तरी बाळाच्या अंगाला लागल्या असतील. वहिनींनी सध्या घरापुरतंच ठेवायचं ठरवलंय. बचत गटातल्या बायकांना सोबत घेऊन परवान्याची चौकशी मात्र त्या करणार आहेत.

आईच्या घाण्याचं प्रमाण आम्ही काढून ठेवलं आहे. खोबरेल 250 ग्रॅम, शेंगदाणा तेल 450, कोकमतेल 200, एरंडेल 100. कॉस्टिक 147.2, पाच टक्के वजा जाता 139.8 शुद्ध. पापडी किती मोजायची ती जागा वहीत रिकामी ठेवली आहे. पिशवी पावसाळाभर पडून राहिली आहे, तेव्हा गणपतीला मी जाईन तेव्हा तिच्यातली चिमूटभर कॉलेजात आणून पुन्हा टायट्रेशन करायचं आणि मगच तो आकडा भरायचा.